चार बोटं जागा

“म्हणजे ज्याचा काही संबंध नाही त्याची सही चालते, आणि माझी चालत नाही?” एवढंच म्हणाली ती पोरगी. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. आणलं असतं तर मला सोपं गेलं असतं. रडणाऱ्या बायकांना गप्प कसं करायचं ते मला सव्वीस वर्षांत चांगलं जमलंय. सदाशिव पेठेतल्या या प्रसूतिगृहाच्या काउंटरवर मी सव्वीस वर्षं बसते आहे. बाई जिन्यात असतानाच ती कशासाठी आलीय ते मला कळतं. पहिलटकरीण कठडा धरून येते आणि फाईल छातीशी धरते, जणू मूल त्या फाईलमध्येच आहे. दुसऱ्या कामाला आलेली भिंतीच्या कडेनं येते, तिच्याकडे फाईल नसते, आणि ती आधी बोर्ड वाचते. बोर्ड माझ्याच अक्षरात आहे. ‘सोबत मिस्टर नसल्यास नंबर लावू नये. वेळ वाया जाईल.’ कुणाचा वेळ, ते लिहिलेलं नाही. बऱ्याच जणी तो वाचून तशाच पावली खाली उतरतात. आज सकाळपर्यंत त्याचं मला कौतुकच वाटायचं, की बघा, एक शब्द बोलावा न लागता काम होतं.

ही मात्र बोर्ड वाचूनही काउंटरशी आली. तिचं खरं नाव सांगणार नाही. ते रजिस्टर कुलपात असतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. तनुजा म्हणू. वय तेवीस, वाशिमकडची, इथे पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन राहून राज्यसेवेचा अभ्यास करणारी. अशी हजारो पोरं आमच्या खालून रोज चहाचे कप हातात घेऊन कलमं घोकत जातात. पाठीवर सॅक, हातात सोनोग्राफीचा कागद घडी करून. “मी एकटीच आली,” म्हणाली. कागद बघितला. आठ आठवडे चार दिवस. म्हणजे तीन दिवस हातात. नऊ आठवड्यांच्या आत असलं तर गोळ्यांवर भागतं, पुढे गेलं की टेबलावर घ्यावं लागतं, भूल आली, एक दिवस राहणं आलं. मी नेहमीचं विचारायला लागले. मिस्टर? लग्न नाही झालं. मग वडील? त्यावर ती हसली. “वडील आले तर लग्नच लावून परत जातील, मॅम. आणि मेन्स पाच आठवड्यांवर आहे.” बरं, मग तो कुठाय? तो नांदेडला गेला, फोन उचलत नाही. मला तिची दया आली. खरंच आली. म्हणून मी काउंटरवरून पुढे वाकून, आवाज खाली आणून, गेल्या काही वर्षांत कितीतरी जणींना सांगितलंय ते सांगितलं, “अगं, कुणालातरी आण. मैत्रिणीचा भाऊ, क्लासमधला एखादा. पतीच्या जागी सही केली की झालं. आम्ही काही लग्नाचा फोटो मागत नाही.” हे सांगताना मला नेहमी आपण किती मोठ्या मनाचे आहोत असं वाटतं. तेव्हा ती सहीबद्दलचं ते वाक्य बोलली.

“नियम आहे तो,” मी म्हटलं. “कायदाच आहे तसा.”

“कुठलं कलम, मॅम?”

आता या पेठेत राहून पोरांच्या तोंडी लागू नये हे मला कळायला हवं होतं. “कलम आम्हाला काय विचारतेस? तुम्ही पाठ करणारी माणसं.”

“म्हणूनच सांगून राहिली,” ती म्हणाली. “कलम तीन, पोटकलम चार. अठराच्या खाली असेल, नाहीतर मानसिक आजार असेल, तर पालकाची सही. बाकी फक्त तिची स्वतःची. नवऱ्याची कुठंच नाही. आत्ता नाही, एकाहत्तर साली कायदा झाला तेव्हापासून नाही.” पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं बोलली, पण काउंटरच्या कडेवर ठेवलेली बोटं पांढरी पडली होती. मी म्हटलं, मॅडम ऑपरेशनला गेल्यात, पाचला येतील, पाचला ये. “इथंच बसू का? खोलीवर सहा जणी आहेत.” बस म्हटलं. आणि मग सबंध दुपार ती समोरच्या बाकावर आणि मी काउंटरच्या मागे, मध्ये एक काच आणि त्या काचेतलं अर्धगोल भोक.

मला कुणी पुरोगामी बिरोगामी समजू नये. मी संकष्टी करते, आणि इथे ‘ते काम’ असलं की घरी जाऊन आधी आंघोळ करते. का, ते मला कधी सांगता आलेलं नाही. या कामाला मी कधी चांगलं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. माझं म्हणणं एवढंच असायचं, की जे काय करायचं ते रीतसर करा. वेटिंगमधल्या टीव्हीवर आजही आवाज बंद करून चर्चा चालली होती. परदेशात कुठेतरी कायदा कडक झाला, मग आपल्याकडे किती आठवडे असावेत, कुणाला विचारून असावेत, गर्भाला हक्क असावा की नाही. चार पुरुष चार चौकटीत आणि मध्ये टाय लावलेला एक. सगळ्यांची तोंडं एकदम हलत होती. एरवी मी ते बघत भाजी निवडते. आज मला उगाच वाटत होतं, की ते आमच्या काउंटरबद्दलच बोलतायत आणि आता कोणत्याही क्षणी पडद्यातून माझ्याकडे बोट करतील. कायदा कडक करायचा की सैल, यावर हे लोक तिकडे भांडत बसलेत. आणि इथे तो आधीच कडक होता. आमच्या जिन्यावर. कुणी केला होता तो?

डबा उघडला आणि तसाच बंद केला. कलम तीन, पोटकलम चार. पोरगी खोटं बोलत असेल, असं स्वतःला सांगून बघितलं. पण तशी ती दिसत नव्हती, सॅकमधून जाड पुस्तक काढून रेघा मारत बसली होती. मधूनच तोंडावर हात धरायची. मळमळ. मला ती मळमळ आठवली, तीस वर्षांपूर्वीची, तांब्याच्या भांड्याचा वाससुद्धा नको व्हायचा. आमची मोठी तेव्हा अकरा महिन्यांची होती, अंगावर पीत होती, आणि मला परत राहिलं. घरात कुणाला सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. म्हणजे ह्यांनी ठरवलं, मी हो म्हटलं. एका ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. मी आत, हे बाहेर. नर्स कागद घेऊन बाहेर गेली, आणि खिडकीतून मी बघितलं, ह्यांनी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही केली. स्कूटर बंदसुद्धा केली नव्हती. बँकेत उशीर होत होता. तो फटफट आवाज मला अजून ऐकू येतो. त्यानंतर कधी घरात तो विषय निघाला नाही. ह्यांचा स्वभाव वाईट नाही, हळवाच आहे. पण आज दुपारी मी पहिल्यांदाच आठवायला बसले, की त्या दिवशी माझी सही कुणी घेतली होती का? डोळे मिटून आठवलं. पडदा आठवतो, हिरवा. भिंतीवरचं कॅलेंडर आठवतं. नर्सच्या हातातलं पेन आठवतं, ते तिनं ह्यांना दिलं, आणि परत आल्यावर स्वतःच्या खिशाला लावलं. माझ्या हातात पेन आल्याचं काही केल्या आठवत नाही.

काचेच्या भोकातून मी आलेपाकाची वडी पुढे सरकवली. “घे. मळमळीला बरी.” तिनं घेतली. मग दोन मिनिटं चोखून आपणहूनच बोलायला लागली. म्हणाली, अभ्यासिकेत आमचा ग्रुप आहे, मुलाखतीची तयारी म्हणून रोज एक विषय घेतो. तीन आठवड्यांपूर्वी हाच विषय निघाला. ऋषी म्हणून एक आहे, हुशार आहे, तो म्हणाला कायदा अजून कडक पाहिजे, सोपं केलं की मुली बेफिकीर होतात. “मी पंधरा मिनिटं बोलली, मॅम. कलमं, निकाल, आकडे, सगळं. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. ऋषीनं पण.” तिनं वडी गालात सरकवली. “तेव्हा ते पोटात होतं, आणि मला माहीत नव्हतं.” मी विचारलं, टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणाला सांगितलंस? नाही म्हणून मान हलवली. मी उगाच टेबलावरचा कागद सरळ केला. मग मला राहवेना. “आणि मॅडम नाही म्हणाल्या तर?” “तर एक नंबर आहे. टेलिग्रामवर. गोळ्या घरपोच देतो, काही विचारत नाही.”

दोन वर्षांपूर्वी अशाच घरपोच गोळ्या घेतलेली एक पोरगी रिक्षातून आणली होती. रिक्षाची सीट, तिची सलवार, आमचा जिना. मॅडमनी वाचवली तिला, चार बाटल्या रक्त लागलं. शुद्धीवर आल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या नजरेत ओळख होती. मी मनात म्हटलं, हिला मी कुठे बघितलंय? नंतर विसरले. विसरले असं म्हणते, पण तसं नाही. त्या मुलीला मी आमच्या जिन्यावर, बोर्डसमोर उभी असताना बघितलं होतं, आणि वर मान न करता भाजी निवडत राहिले होते. हे आज दुपारी, आलेपाकाच्या वासात, मला स्वच्छ आठवलं.

आणि एकदा दार उघडलं की एकटं कुणी आत येत नाही. मागोमाग सोजरबाई आली. हेही नाव मी तिला दिलेलं. लोणी काळभोरची, सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन मुली पदरात, तिसऱ्यांदा राहिलेलं, सात आठवडे. नवऱ्याला मुलगा हवा होता, तो सही देईना. मी तेव्हा कडक होते. शिवाय माझ्या डोक्यात आलं, दोन मुली आहेत आणि तिसरं नको म्हणते, म्हणजे कुठूनतरी तपासून आली असणार. तेव्हा गर्भलिंगाच्या केसेस गाजत होत्या, सगळे दवाखाने घाबरलेले. पण सात आठवड्यांना मुलगा की मुलगी काही कळत नाही, हे मला तेव्हाही चांगलं माहीत होतं. तरी संशय मनात धरून ठेवला, कारण संशय असला की माणसाला परत पाठवताना वाईट वाटत नाही. “मिस्टरांना घेऊन या.” आठ दिवसांनी ती परत आली, कागदावर सही घेऊन. मी बघितली. सहीतला ‘ज्ञा’ आणि तिनं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं त्यातला ‘ज्ञा’ एकाच हाताचे. नवऱ्याचं नाव ज्ञानदेव. चौथी शिकलेली बाई, बिचारीनं किती वेळा गिरवलं असेल. मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, “बाई, आम्ही इथे गोट्या खेळायला बसलेलो नाही.” बाकावरच्या दोघी-तिघी हसल्या. सोजरबाईनं कागदाची घडी केली, पोलक्यात ठेवली आणि गेली. घरी आल्यावर मी ह्यांना ते कौतुकानं सांगितलं, की माझी नजर बघा कशी.

ती परत आली ते पाच वर्षांनी, धाकट्या जावेला बाळंतपणाला घेऊन. मला ओळखलं. काउंटरशी उभी राहून म्हणाली, “वळखलं का बाई? पोरगी झाली मला. लय गुणाची हाय. तिच्यावर राग न्हाई माझा, कंदीच न्हवता.” मग जराशानं, माझ्या डोळ्यांत बघत, “राग कुनावर हाय त्ये इचारू नगा.” मी म्हटलं, “रांगेत बसा.” ती बसली. संध्याकाळपर्यंत बसली. जावेला मुलगा झाला तेव्हा पेढे वाटले तिनं, मलाही दिला. म्हणाली, लोनी स्टेशनच्या रस्त्याला भाजी घिऊन बसते, कंदी आलात तर मेथी न्या. मी पेढा खाल्ला आणि मला तेव्हा वाटलं, काय उद्धट बाई आहे.

साडेचारला मी उठले आणि कपाटाचा खालचा खण उघडला. फॉर्म काढला. संमतिपत्र. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, अक्षरं आता मुंग्यांसारखी दिसतात. ‘मी, खाली सही करणारी, स्वखुशीने…’ मग नाव, वय, पत्ता, तारीख, सही. आणि सगळ्यात खाली, ‘पतीचे नाव व सही’. त्यातल्या ‘ती’ची वेलांटी वरून तुटलेली. ‘नाव’चा ‘व’ जरा खाली उतरलेला. मी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. ते मशीन मी ओळखत होते. थोरल्या डॉक्टरांचं जुनं मराठी टाइपरायटर, वेलांटीची काडी झिजलेली, ‘व’ मारला की गाडी सूतभर खाली घसरायची. मी इथे लागले त्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. थोरले डॉक्टर म्हणजे आताच्या मॅडमचे सासरे, देवमाणूस, आता नाहीत. त्यांनी सरकारी पुस्तकातलं एक पान माझ्यापुढे ठेवलं, इंग्रजीत होतं, आणि म्हणाले, “पूर्णिमा, बायकांना हे वाचता येत नाही. याचं मराठी कर आणि छान टाइप करून दे.” मी केलं. एकही खाडाखोड नाही. पानाच्या खाली चार बोटं जागा उरली. पान अपुरं दिसत होतं, कुणीतरी जेवता जेवता उठून गेल्यासारखं. मी जरा वेळ बघत बसले. आणि मग टाइप केलं, ‘पतीचे नाव व सही’. विचार केला नाही. रेशनकार्डावर असतं, शाळेच्या दाखल्यावर असतं, बँकेच्या खात्यावर असतं, म्हणून इथेही. आणि स्कूटरच्या सीटवर मी ते बघितलेलंच होतं. पान भरलं. थोरल्या डॉक्टरांनी वरची दोन वाक्यं वाचली, वा म्हणाले, आणि खिशाला पेन लावून राउंडला गेले.

हा कायदा कुठल्या संसदेत झाला नव्हता. मी केला होता. जागा बरी दिसेना म्हणून.

किती वेळ तशी उभी होते कुणास ठाऊक. मग स्टुलावर बसले. रडू आलं नाही, भयंकर लाज वाटली. एखाद्या बाईनं सव्वीस वर्षं पदर उलटा घेऊन गावभर फिरावं आणि कुणी तिला सांगू नये, तशी. पण पदर उलटा घेतल्यानं कुणाचं आयुष्य जात नाही. सोजरबाईचं गेलं का? गुणाची पोरगी आहे म्हणाली. ती पोरगी आता सोळा-सतराची असेल, कॉलेजात जात असेल, हसत असेल. ती नको होती असं मी म्हणू शकत नाही, म्हणायचंही नाही मला. सोजरबाईनंही म्हटलं नाही. पण पोरगी चांगली निघाली म्हणून मी सुटत नाही. ते सोजरबाईला मिळालेलं आहे, माझ्या हिशेबात धरायचं नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी मॅडम आल्या. सुरुचीमॅडम, दमलेल्या, केसांवर टोपीचा वळ. तनुजा बाकावरून उठली. मी तिला हातानंच थांब म्हटलं आणि आधी मी आत गेले. फॉर्म टेबलावर ठेवला. “मॅडम, एक पेशंट आहे, आठ-चार. अविवाहित. एकटी आलीय. ती म्हणते नवऱ्याची सही कायद्यात नाही.”

“बरोबर आहे तिचं,” मॅडम हात धुता धुता म्हणाल्या.

मी म्हटलं, “तुम्हाला माहिती होतं?”

“पूर्णिमाताई, एमडी झालीय मी. पण उद्या कुणाचा बाप येऊन काच फोडेल, कुणाचा नवरा केस टाकेल. सगळीकडेच घेतात, एक कागद असलेला बरा.” टॉवेलला हात पुसत त्या खुर्चीत बसल्या. “आणि बाबांनी घातलेली ओळ आहे ती. पन्नास वर्षं प्रॅक्टिस केली त्यांनी. काहीतरी अनुभव आल्याशिवाय घातली नसणार. मला कधी कधी वाटतं काढावी, पण म्हटलं, त्यांना काहीतरी दिसलं असेल जे मला दिसत नाही.”

“बाबांनी नाही घातली.”

“म्हणजे?”

“मी घातली. खाली चार बोटं जागा उरली होती.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग फॉर्मकडे. मग परत माझ्याकडे. बाहेर टीव्हीचा निळा उजेड काचेवर हलत होता, ते चौघे अजून भांडत असणार. आणि मग मॅडम हसायला लागल्या. आधी नाकातून, मग मोठ्यानं, टेबलावर डोकं टेकून. मला कळेना हसावं की काय करावं. डोकं वर केलं तेव्हा चष्म्याखाली डोळे ओले होते. “बारा वर्षं,” त्या म्हणाल्या, “बारा वर्षं मी त्या ओळीचा मान राखतेय.” मी म्हटलं, “मॅडम, नोकरीवरून काढायचं तर काढा. पण त्या पोरीला आज परत पाठवू नका. ती पुढे कुठे जाईल ते मला माहिती आहे. आणि काच फुटली तर काउंटर पुढे आहे, आधी मला लागेल.” असं मी सव्वीस वर्षांत कुणाला बोलले नव्हते. माझाच आवाज मला कुणा दुसरीचा वाटला, आणि बरा वाटला. मॅडमनी नाक पुसलं. “नाटकं नकोत, पूर्णिमाताई. पट्टी आहे का?”

पट्टी आणली. मॅडमनी त्या ओळीवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, बाजूला आपली सही केली. “पाठवा तिला. आणि उरलेले फॉर्म रद्दीत टाका, उद्या नवीन करा. आणि तो बोर्ड.” मी म्हटलं, “हो, तो बोर्ड.”

तनुजाला मॅडमनी अर्धा तास दिला. तपासलं, समजावलं, तिचं ठरलंय ना ते दोनदा विचारलं. माझा तो स्कूटरचा दिवस आठवला. मला तर एकदाही कुणी विचारलं नव्हतं. मग ती काउंटरशी आली. मी भोकातून फॉर्म सरकवला आणि पेन दिलं. तिनं पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, मी म्हटलं, “सगळं वाच, घाई नाही.” खोडलेल्या ओळीपाशी ती थांबली. मग सही केली. लांबलचक, पूर्ण नाव, आईचं नाव मध्ये, वडिलांचं नाव, आडनाव. अधिकाऱ्यासारखी. मी ते पेन बराच वेळ हातातच धरून बसले.

गोळ्या कशा घ्यायच्या, केव्हा यायचं, ते लिहून दिलं. माझा मोबाईल नंबरही लिहिला, पहिल्यांदाच. “काहीही वाटलं, कितीही वाजता, फोन करायचा. त्या टेलिग्रामवाल्याला नाही, मला. आणि खोलीवर एकीला तरी सांग.” ती म्हणाली, “वैष्णवीला सांगते. ती बडबडी आहे, पण चांगली आहे.” मग सॅक उचलता उचलता, “मॅम, तुम्ही एमपीएससी द्यायला पाहिजे होती.” मी म्हटलं, “मी कायदे करते, पाठ करत नाही.” ती हसली, सबंध दिवसात पहिल्यांदा मोकळं हसली, आणि कठडा न धरता जिना उतरली. माझं बोलणं तिला अर्धंच कळलं असणार. असू दे.

आता बोर्ड काढलाय. चिकटपट्टीचे चार डाग राहिलेत भिंतीवर, ते रॉकेलनं जातील. उरलेले फॉर्म मॅडम रद्दीत टाका म्हणाल्या, पण मी टाकले नाहीत; नवीन छापून येईपर्यंत लागतील म्हणून बसून एकेकावर पट्टीनं रेघ मारली. नवीन फॉर्म उद्या करा म्हणाल्या होत्या, तोही आजच कंप्युटरवर मीच केला. वर सगळं तसंच, नाव, वय, पत्ता, तारीख, सही. खाली चार बोटं जागा उरली. बघत बसले. बरी दिसेना. हात शिवशिवत होते. पण राहू दिली. कोरी राहू दे, काही बिघडत नाही. रात्री घरी ह्यांना सगळं सांगितलं, स्कूटरसकट. ते म्हणाले, “बंद करायला हवी होती.” मला वाटलं गॅस म्हणतायत. मग कळलं. मी म्हटलं, “हो. हवी होती.” तीस वर्षांनी का होईना, तो आवाज थांबला.

आणि रविवारी लोणीला जाणार आहे. बसनं. त्या घराचा पत्ता जावेच्या बाळंतपणाच्या रजिस्टरात आहे, पण घरी जायचं नाही, ते बरोबर नाही, तिच्या घरात कुणाला काय माहीत आहे कुणास ठाऊक. स्टेशनच्या रस्त्याला भाजीवाल्या बसतात तिथे बघेन. असेल तर मेथी घेईन, आणि इतर गिऱ्हाईक गेल्यावर हळूच सांगेन, की बाई, तुमचीच सही पुरे होती. तेव्हाही पुरे होती. चूक माझी होती. यावर ती काय म्हणेल ते मला सांगता येत नाही. शिव्या देईल, मेथीची जुडी अंगावर फेकेल, किंवा ओळखच दाखवणार नाही. कदाचित म्हणेल, गर्दी हाय, रांगेत बसा.

बसेन.